सुंभाचा पीळ

मनगटावरची पट्टी वाजली तेव्हा हव्वाचं चौदा वाव सुंभ वळून झालं होतं आणि पंधरावी वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकी लांबी, अर्ध्यावर होती. पट्टीचा आवाज तसा गोड, लग्नाचं आमंत्रण करायला आल्यासारखा.

"नमस्कार. आपण सलग एक तास बावीस मिनिटं श्रम करत आहात. आपण कोणासाठी काम करत आहात?"

"कोणासाठी नाही," हव्वा म्हणाली. खरं तेच ती बोलली.

"उत्तर नोंदवलं आहे. ही आपली दुसरी खूण आहे." पट्टीची हिरवी कड थोडा वेळ लाल झाली.

झालं! तीन खुणा भरल्या की कुटुंबाची खोली जाते आणि आश्रयाचा अर्ज मागे घेतला असं समजलं जातं. मग घाटापलीकडच्या पत्र्याच्या छावणीत रवानगी, आणि तिथून पुढे कुठे हे कुणालाच ठाऊक नाही. हव्वा, तिचा नवरा मूसा आणि दहा वर्षांची नाशा, तिघांचं नशीब आता एका खुणेवर टेकलं होतं. आणि हे सगळं कशापायी, तर एका बसायच्या जाळीपायी.

ते आश्रयगृह म्हणजे वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी बंद पडलेलं एक आलिशान रिसॉर्ट. सरकारनं ते घेतलं आणि त्यात समुद्रानं हुसकलेली एकशे दहा कुटुंबं ठेवली. बाहेरून बघाल तर वाटेल, काय मजा आहे लेकाची! आत या. खोल्यांच्या काचा न उघडणाऱ्या, कारण बांधताना एसी चालणार होता. एसी कधीच बंद झाला, काचा तशाच राहिल्या. भिंतींना बुरशी. खोलीत चूल नाही, शेगडी नाही, साधा चहा करायला बंदी. तीन माणसांना एक पलंग आणि एक प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय बांधलेला. मूसा दिवसभर त्या खुर्चीत बसून काचेतून होड्या बघायचा. तिकडे मालदीवमध्ये गळानं कुपा मासा धरणारा हा माणूस, तासाला शंभर मासे ओढायचा. इथे किनाऱ्यावरचे नौकामालक खलाशी मिळत नाहीत म्हणून कपाळ बडवत होते, आणि हा पठ्ठ्या काचेमागे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायला मनाई. निकाल चार वर्षं लागत नव्हता, कारण त्यांचं दिगुहुरा बेट अजून पाण्याच्या वर होतं. बेट बुडण्याआधी बेटाच्या विहिरी बुडतात, वाळूखालचं गोडं पाणी खारं होतं आणि माणूस तहानेनं बेट सोडतो, हे कायद्याच्या पुस्तकात अजून यायचं होतं.

हव्वाच्या देशात घराच्या अंगणात सुंभाची जाळी विणलेली आसनं असतात. त्यांना जोली म्हणतात. लाकडी चौकट, तिला ताणलेली काथ्याची जाळी, माणूस बसला की अंगासारखी होणारी. मूसाला तशी एक जोली करून द्यायची, असं हव्वानं मनात घेतलं. रिसॉर्टच्या बागेतले नारळ सोलून वरची काथ्याची सोडणं फेकून देत, ती तिनं गोळा केली आणि आटलेल्या पोहण्याच्या तलावात, तळाच्या मचूळ पाण्यात आठ महिने कुजत घातली. वास असा सुटला की तिकडून जाणारे नाक धरून पळायचे. ती सोडणं बडवून काथ्या काढला, वाळवला, आणि मांडीवर, दोन तळव्यांमध्ये सुंभ वळायला बसली. तर दोन वेळा बसली आणि दोन खुणा.

पट्टी वाजल्याची वर्दी अधीक्षिकेच्या टेबलावर जाते. अधीक्षिका म्हणजे शालन खवणेकर, गावचीच, पन्नाशीची, जिभेची तिखट आणि काळजाची लोणी. ती धापा टाकत तलावाशी आली.

"गो हव्वा, खुळी की काय तू? किती येळा सांगलंय, थांबान थांबान वळ! चार वेढे घातलेस की पाणी पी, मान खाजव, आभाळाकडे बघ. यंत्राक वाटतला, बाई आपली घरचा काय तरी करता."

"थांबले तर दोर खराब होतो, शालनताई."

"होवंदे खराब! बसायच्या जाळीक काय ताशी सत्तर मैलाचा वारा लागणार आसा?"

हव्वा हसली, पण हात पुढे चालूच. शालननं कपाळाला हात लावला. "सुंभ जळला तरी पीळ जाणा नाय, तसली तू." मग आवाज खाली आला. "माका अंगठो लावचो लागतलो. नाय लावलंय तर माझी नोकरी जायत."

पट्टीची खूण अधीक्षिकेनं तासाभरात अंगठा लावून पक्की करायची, असा नियम होता. अंगठा लागला नाही तर खूण पुसली जाते, आणि मग वरून विचारणा होते. पहिल्या खुणेला शालननं अंगठा लावला होता. आज दुसऱ्यांदा लावला, आणि दिवसभर ती हव्वाच्या नजरेला नजर देईना.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. श्रमपट्टी वाईट हेतूनं जन्मली नव्हती. उन्हाळे असे तापू लागले की रस्त्यावर, शेतात राबणारी माणसं उभ्या उभ्या कोसळून मरायची. तेव्हा शास्त्रज्ञांनी ही पट्टी काढली. ती घामातलं मीठ मोजते, दमलेल्या स्नायूंतून घामात उतरणारं लॅक्टेट मोजते, नाडी मोजते आणि मनगटाची हालचाल टिपते. अंग तापायला लागलं की वेळेवर सांगते, "बस करा, सावलीत या." हजारो जीव तिनं वाचवले, खोटं कशाला बोला.

पुढे कुणा हुशार माणसाच्या ध्यानात आलं, की पट्टी केवळ किती राबलात एवढंच सांगत नाही, कोणासाठी राबलात हेही सांगू शकते. घरचं काम तुटक असतं. कणीक मळताना दूध उतू जातं, पोर रडतं, शेजारीण हाक मारते, बाई उठते, पुन्हा बसते. मोलाचं काम सारखं असतं, कारण डोक्यावर कुणीतरी उभं असतं. हा तुटकपणा आणि सारखेपणा आकड्यात मांडता येतो. हजारो माणसांच्या मनगटांवरच्या नोंदी घालून यंत्राला तो फरक शिकवला. शून्य ते शंभर अशी मोजपट्टी, सत्तरच्या वर गेलं की मोलाचं काम. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा यंत्र बरोबर ओळखायचं.

उरलेल्या तीनांत हव्वा होती. तिला सुंभ वळायला आजीनं शिकवलं होतं. आजी डोळे मिटून सुंभावरून बोट फिरवायची, आणि जिथं बोट अडखळलं तिथून पुढचं सगळं उसवायला लावायची. "इथे तू थांबलीस," ती म्हणायची. "कशाला थांबलीस? इथेच तुटेल, आणि कुणाचा तरी मुलगा बुडेल." सात वर्षांच्या हव्वानं रडत रडत उसवलं होतं. तेव्हापासून तिच्या हातात असा सारखेपणा बसला की यंत्राला वाटलं, एवढं सारखं माणूस स्वतःसाठी करूच शकत नाही.

त्याच संध्याकाळी हव्वा मोठ्या स्वयंपाकघरात चपात्या लाटत होती. आश्रयगृहाचं जेवण गेल्या सात महिन्यांपासून एका ठेकेदाराकडे होतं. त्याचा मुकादम धुरी, हातात घड्याळ, पायात चामडी बूट. बाया ठेकेदाराच्या नव्हत्या, आश्रयगृहातल्याच होत्या, एक्केचाळीस जणी. रोज सकाळी साडेतीन तास, संध्याकाळी तीन. याला म्हणायचं स्वयंसेवा. यायची सक्ती मुळीच नाही हं! फक्त जी येणार नाही तिच्या घरची ताटं रांगेत शेवटी, आणि शेवटी डाळ म्हणजे हळदीचं पाणी.

"हात चालवा, हात चालवा," धुरी म्हणत होता. "मिनिटाला सहा. गप्पा घरी."

घामानं हव्वाचा पदर चिकटला होता. लाटणं फिरत होतं, एकसारखं, तासभर, दोन तास. तिची नजर मनगटावर गेली. पट्टीची कड हिरवीगार. ना नमस्कार, ना कोणासाठी काम करताय. शेजारी रोकेया आपा होती, बांगलादेशच्या किनाऱ्यावरून आलेली, हव्वाहून वीस वर्षांनी मोठी. तिचीही हिरवी. हव्वाच्या डोक्यात किडा वळवळला, तो रात्र उलटली तरी शांत होईना.

दोन दिवसांनी इम्तियाज सोलकर आला. दाभोळकडचा हा तंत्रज्ञ महिन्यातून एकदा पट्ट्या तपासायला यायचा.

"भाभी, दुसरी खूण? काय केलंत काय?"

"दोर वळला." हव्वानं हात पुढे केला. "इम्तियाजभाई, एक सांगा. ही स्वयंपाकघरात का वाजत नाही?"

इम्तियाजनं इकडे तिकडे बघितलं. धुरी दूर बिडी ओढत होता. "दाराच्या वर बघा. पांढरी डबी दिसते? तिला आम्ही मुकी म्हणतो. तिच्या टप्प्यात आलं की पट्टी गप्प होते. चुलीच्या धगीनं घामाची मोजणी चुकते, असं सांगून ठेकेदारानं सूट घेतलीय."

"गप्प म्हणजे झोपते?"

"छे! झोपून कसं चालेल? कुणाला भोवळ आली, मेलं बिलं तर? मोजते सगळं, सर्व्हरला पाठवते, सारखेपणाच्या आकड्यासकट. फक्त तोंड मिटून बसते. 'काम' हा शिक्का तेवढा मारत नाही."

"मग ते मोजलेलं कुणाचं?"

"शरीर ज्याचं, नोंद त्याची. कायदाच आहे. न्यायाधिकरणापुढे मागितली की उघडून द्यावीच लागते." इम्तियाज तिच्याकडे बघत राहिला. "पण भाभी, आजवर मागितलीय कुणी?"

हव्वा थेट शालनच्या कचेरीत गेली. तिथे भिंतीवर आश्रयगृहाची नियमावली टांगली होती, बारीक अक्षरांत, पंखे कसे पुसावेत इथपासून. चार वर्षांत तिला मराठी वाचायला येऊ लागलं होतं, नाशाच्या शाळेच्या पुस्तकांवर. बोट ठेवत ठेवत तिनं पूर्ण भिंत वाचली. एकविसाव्या कलमावर बोट थांबलं. शासनाच्या माहितीत एकशे ऐंशी दिवस काम केलेल्या अर्जदाराला निकाल लागेपर्यंत कामाचा परवाना द्यावा.

"ह्या कोणासाठी?" तिनं विचारलं. शालनशी बोलताना अधूनमधून मालवणी तिच्या तोंडात यायची.

"तां? साथीच्या वर्षी परदेशी नर्सांका ठेवून घेतला, तेव्हाचा कलम. मागसून कोणाच्याच उपयोगाक येवक नाय."

"मी अर्ज केला तर?"

"टपालान केलंस तर दोन वर्षां धूळ खायत. माणसाक समोर बसवन ऐकतत फक्त..." शालन बोलता बोलता थांबली. तिच्या ध्यानात आलं ही काय विचारतेय. "फक्त तिसऱ्या खुणेक. नको गो बाय. नको."

मूसाला तिनं दुपारी सांगितलं. नाशा शाळेत होती, म्हणून निदान मोठ्यानं भांडता आलं.

"तू वेडी झालीस," मूसा म्हणाला. "नाशाला इथे शाळा आहे. मैत्रिणी आहेत. पोरगी झोपेत मालवणी बोलते! ते सगळं एका दोरापायी घालवणार?"

"दोरापायी नाही."

"मग? लोक सांगतात ते ऐक ना. थांबून थांबून वळ. काय बिघडतं? मला नको ती जोली. मी जमिनीवर बसेन."

"समुद्र सोडून तू जमिनीवरच बसलायस चार वर्षं," हव्वा म्हणाली. बोलून गेली आणि तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. "मूसा, मी तिथे स्वयंपाकघरात साडेसहा तास राबते, ते काम नाही. इथे तुझ्यासाठी आसन करते, ते काम. वर मला सांगतात, चांगलं करू नकोस, वाईट कर, म्हणजे माफ. मला वाईट करता येत नाही. आणि यायला नको."

मूसा काचेकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर एक होडी चालली होती, पराडकरांची. दोन खलाशी कमी म्हणून जाळं अर्धंच टाकायचे. गेल्या महिन्यात पराडकर स्वतः फाटकापर्यंत येऊन मूसाला विचारून गेले होते आणि मान खाली घालून परतले होते.

"हरलो तर?" त्यानं विचारलं.

"तर छावणीत जाऊ. काय करणार? पण तिथे मी गप्प बसून गेले असं नाशा कधी म्हणणार नाही."

बायांना गोळा करायला तिला तीन दिवस लागले. रोकेया आपानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आमची पहिली खूण होईल. तुझी?"

"तिसरी."

"मग तू आत राहा. आम्ही बाहेर बसतो."

"नाही आपा. सुनावणी तिसरीलाच मिळते. आणि तिथे बोलायचं मला आहे."

सोमवारी सकाळी साडेसहाला एक्केचाळीस बाया नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात शिरल्या, आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. कुणाच्या हातात विळी, कुणाकडे परात, चौघींनी मिळून पिठाचं पातेलं उचललेलं. रिसॉर्टच्या मधल्या फरसबंद अंगणात त्या रांगेनं बसल्या आणि रोजचं काम सुरू केलं. तेच लाटणं, तेच कांदे, तीच गती.

"ए, ए! हे काय चाललंय?" धुरी धावत आला. "आत चला! आत!"

"काम करतोय, साहेब," रोकेया आपा शांतपणे म्हणाली. "मिनिटाला सहा."

तेवढ्यात जिन्यावरून मूसा उतरला. कुणाशी न बोलता तो हव्वाच्या शेजारी बसला, एक विळी ओढून घेतली आणि कांदा चिरायला लागला. माशाशिवाय दुसरं काही त्यानं जन्मात चिरलं नव्हतं. पहिल्याच कांद्याला डोळ्यांतून घळाघळा पाणी. हव्वानं त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिलाही आलं असतं.

तास सरत आला आणि पहिली पट्टी वाजली. मग दुसरी. मग पाच एकदम, आणि मग सगळ्याच. नमस्कार, नमस्कार, नमस्कार! अंगणभर तो गोड आवाज एकमेकांवर आदळायला लागला. आपण कोणासाठी काम करत आहात? आणि एकेक बाई मनगट तोंडाशी नेऊन ठेकेदाराचं नाव सांगायला लागली, स्पष्ट, सावकाश. हव्वानंही सांगितलं. "उत्तर नोंदवलं आहे. ही आपली तिसरी खूण आहे."

मूसाची पट्टी मात्र गप्पच होती. तीन कांदे आणि दोन कापलेली बोटं, त्याला यंत्रसुद्धा काम म्हणेना. रोकेया आपा त्याही गडबडीत खळाळून हसली.

धुरी शालनच्या कचेरीत घुसला तेव्हा टेबलावरचा पडदा एक्केचाळीस नावांनी भरला होता.

"बाई, अंगठा लावायचा नाही. एकालाही नाही. तास सरला की सगळं पुसलं जाईल. साहेबांचा फोन येतोच आहे तुम्हाला."

शालन खुर्चीत बसून राहिली. गंमत बघा. दोन वेळा भीतीपोटी अंगठा लावला, तर हव्वाचं वाटोळं व्हायची वेळ आली. आज भीतीपोटी लावला नाही, तरी हव्वाचंच वाटोळं. फोन वाजायला लागला. शालननं खिडकीतून बघितलं. हव्वा लाटत होती, आणि लाटता लाटता तिची नजर कचेरीच्या दाराकडे लागली होती.

"धुरी," शालन म्हणाली, "माज्या बापाशीन उभो जन्म सोडणां बडवल्यान. तेका कोणी स्वयंसेवक म्हणाक नाय." आणि तिनं फोन वाजू दिला, अंगठा उचलला आणि पहिल्या नावावर टेकवला. एक्केचाळीस वेळा टेकवला. अंगठा लाल झाला तेव्हा थांबली.

सुनावणी नवव्या दिवशी लागली, ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत. न्यायाधिकरणाच्या सदस्या मृणाल गोगटे, चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला ठेकेदाराचे वकील, दुसऱ्या बाजूला सरकारी वकील. मध्ये हव्वा, मांडीवर कापडी पिशवी. मागच्या बाकावर मूसा, नाशा आणि शालन. शालनला निलंबनाचं पत्र आदल्याच दिवशी मिळालं होतं आणि ती नवीन पातळ नेसून आली होती.

आत बोलावण्याआधी सरकारी वकिलांनी हव्वाला व्हरांड्यात गाठलं. माणूस सभ्य होता. "बाई, हे ताणू नका. यंत्राची चूक झाली असं लिहून द्या. तिन्ही खुणा पुसू. तुम्हाला खिडकी उघडणारी खोली देऊ, समुद्राच्या बाजूची. आजच्या आज."

खिडकी उघडणारी खोली! नाशाला रात्री खोकल्याची उबळ यायची, बुरशीनं. हव्वाच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, तिच्यातून येणारा वारा आला. तिनं मागे वळून मूसाकडे बघितलं. मूसानं सगळं ऐकलं होतं. त्यानं फक्त मान हलवली, नाही अशी.

"खुणा पुसू नका," हव्वा म्हणाली. "मी त्या कमावल्या आहेत."

आत ठेकेदाराचे वकील बराच वेळ स्वयंसेवेवर बोलले. माणुसकी, सहभाग, कुटुंबासारखं वातावरण. गोगटेबाईंनी ऐकून घेतलं आणि हव्वाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"माझ्या पट्टीतलं सगळं उघडा, मॅडम. मुकी डबी असतानाचंसुद्धा. माझं आहे, मी मागते."

पडदा उजळला. इम्तियाज म्हणाला होता तसंच होतं, पट्टी काहीही विसरली नव्हती. दोनशे चौदा दिवस. तेराशे एक्क्याण्णव तास. प्रत्येक तासाखाली नाडी, घाम, आणि सारखेपणाचा आकडा. ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद. सत्तरच्या खाली एक दिवस नाही. नाशाला ताप होता त्या आठवड्यातही नाही.

"शासनाला याची माहिती नव्हती," ठेकेदाराचे वकील घाईनं म्हणाले. "तेव्हा कलम एकवीस इथे लागू—"

"पट्टी कोणाची?" गोगटेबाईंनी विचारलं.

"शासनाची."

"सर्व्हर?"

वकील समोरचे कागद चाळू लागले.

गोगटेबाईंनी चष्मा काढला. "हव्वाबाई, एक मला कळत नाही. पहिल्या दोन खुणा तर घरगुती कामाच्या. मध्ये मध्ये थांबला असता तर त्या आल्याच नसत्या. अधीक्षिकेनं तुम्हाला तसं सुचवलंही होतं, असं त्याच लिहून देतायत. का थांबला नाहीत?"

हव्वानं पिशवीतून सुंभाचं वेटोळं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "डोळे मिटा, मॅडम. बोट फिरवा. कुठे अडखळतं ते सांगा."

वकील हसले. गोगटेबाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच डोळे मिटले आणि सुंभ बोटांतून सोडत गेल्या, एक हात, दोन हात, दहा हात. खोलीत काथ्याचा वास पसरला. त्या टोकापर्यंत गेल्या.

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

"जिथे अडखळतं तिथे तुटतं. माझ्या गावात तुटलेल्या दोरामागे माणूस जातो. मला काम करू देऊ नका असं सांगा, ते मला समजतं. काम वाईट करा असं सांगू नका."

निकाल त्याच दुपारी आला. तिन्ही खुणा कायम. हव्वानं केलं ते काम होतं, स्वयंपाकघरातलंही आणि तलावाकाठचंही. ज्यांचे एकशे ऐंशी दिवस भरले त्या तेहतीस जणींना आणि त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना कलम एकवीसप्रमाणे परवाना. उरलेल्या आठ जणींना दिवस भरतील त्या दिवशी. खोल्या कोणाच्याही जाणार नाहीत. मुकी डबी आजच काढा, ठेकेदारानं मजुरीचा हिशेब महिन्यात सादर करावा, आणि अधीक्षिकेचं निलंबन कशासाठी ते विभागानं न्यायाधिकरणाला कळवावं.

खिडकी उघडणारी खोली मात्र मिळाली नाही. तिच्याबद्दल निकालात एक ओळसुद्धा नव्हती. मूसानं आठवड्याभरात परवाना दाखवून पराडकरांच्या होडीवर जागा मिळवली, पहिल्या उचलीतून काच कापायचं हत्यार आणलं आणि वरचा तुकडा स्वतः कापून काढला. शालन परत कामावर आली होती. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "माका काय दिसला नाय," आणि निघून गेली.

जोली पुरी व्हायला दिवाळी उजाडली. चौकट तलावाच्या काठावर उभी होती आणि हव्वा शेवटच्या कडेसाठी सुंभ वळत होती. रोकेया आपा आणि आणखी दोघी शेजारी बसून शिकत होत्या. गावातल्या हॉटेलवाल्यांनी आठ जोल्या मागितल्या होत्या, पण पहिली मूसाची. रोकेया आपाच्या सुंभावरून हव्वानं डोळे मिटून बोट फिरवलं आणि एका जागी थांबली.

"इथे थांबलीस, आपा. उसव."

"अगं, एवढंसं तर आहे!"

"उसव."

तेवढ्यात मनगटावरची पट्टी वाजली. परवाना झाला तरी पट्टी निघाली नव्हती, विचारायची तिची सवय तर गेलीच नव्हती. "नमस्कार. आपण सलग एक तास दहा मिनिटं श्रम करत आहात. आपण कोणासाठी काम करत आहात?"

"माझ्यासाठी," हव्वा म्हणाली.

पट्टी जरा घुटमळली. असं उत्तर तिला फारसं कुणी दिलं नसावं. "कृपया मालकाचं नाव सांगा."

"हव्वा."

"उत्तर नोंदवलं आहे," पट्टी म्हणाली. कड हिरवीच राहिली. हव्वाचे हात यातल्या कशासाठीही थांबले नव्हते, आणि तोवर आणखी अर्धी वाव वळून झाली होती.